वडकोंडच्या डोहात कुठं उतरायचं आणि कधी

१९५४ साल. दिवाळी होऊन भातं कापून झाली होती. तालुक्याला तेव्हा जोयडा नव्हे, सुपा म्हणत, आणि मुलूख मुंबई राज्यात असल्यामुळे दारूबंदी होती. हे शेवटचं मुद्दाम सांगायला हवं. कारण कारवारचा झिलू पितळेचं मोठं टोपडं आणि लांबलचक रबरी नळी घेऊन वडकोंडला बैलगाडीतून उतरला, तेव्हा गावच्या कर्त्या पुरुषांच्या डोळ्यांत जी चमक आली ती बुडी मारायच्या हौसेची नव्हती. भट्टीचं सामान एवढं लखलखीत असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, एवढंच.

"हे डोकीत घालून पाण्याखाली जायचं," झिलूनं सांगितलं. "काठावर दोघांनी पंप मारला की नळीतनं आत वारा येतो."

"आणि?" दत्तोबा सावकारानं आशेनं विचारलं.

"आणि काय? जायचं, काम करायचं, वर यायचं."

चमक गेली.

काम असं होतं. पावसाळ्यात एका कंत्राटदाराचा तराफा फुटून किंदळाच्या जड लाकडाचे ओंडके काळी नदीच्या डोहांत तळाला बसले होते; पाण्याखाली जाऊन साखळी बांधून ते वर काढायचे होते. झिलूनं कारवार बंदरात पाणबुड्याचं काम केलेलं. एकट्याला ते आवरेना, म्हणून गावातल्या कुणाला तरी बुडी शिकवायला तो तयार होता. जो शिकेल त्याला कंत्राटदार दर उन्हाळ्यात कामावर घेणार, राहायला खोपी आणि रोजचा शिधा देणार. मात्र माघात उळवीची जत्रा झाली की झिलू दुसऱ्या नदीवर जाणार होता.

हे सगळं फुला डोक्यावरची घागर न उतरवता ऐकत होती. फुलाचा नवरा गोव्याच्या खाणीत गेला तो तिकडचाच झाला. तिकडं त्यानं दुसरं घरही मांडलं. तेव्हापासून ती भावाकडं, वासूकडं होती. म्हणजे पहाटेपासून निजेपर्यंत राबत होती, आणि तरीही वासू जेवताना तिच्या पानाकडं असा बघायचा की ताटातला भात लाजून कमी व्हावा. आता त्यानं तिचा पाट लावून द्यायचं ठरवलं होतं. लोंढ्याकडचा गुणा, बायको गेलेला, चार पोरं आणि बाराही महिने टिकणारा खोकला. उळवीच्या जत्रेनंतर त्याची माणसं बोलणी पक्की करायला येणार होती.

"मी न्हाई म्हटलं तर?" फुलानं विचारलं होतं.

"मग पोट कोण भरणार तुजं? नदी?" वासू म्हणाला होता. वासू तसा विनोदी माणूस.

म्हणूनच झिलूच्या तोंडून 'राहायला खोपी आणि शिधा' हे शब्द निघाले आणि फुलाच्या डोक्यावरची घागर हलली.

पण बाईला विचारतो कोण? आधी गावकीची बैठक बसली. वडकोंडचे पुरुष नदीकाठी जन्मले, नदीकाठी म्हातारे झाले, आणि त्यांतल्या एकालाही पोहता येत नव्हतं. हे ज्याला त्याला स्वतःपुरतं ठाऊक होतं. बाकीचे मासोळीसारखे पोहतात असा प्रत्येकाचा समज. त्यामुळे 'शिकणार न्हाई' असं कुणीच म्हणेना. सगळे म्हणाले, "शिकायचंच. फकस्त कुठं आणि कधी, तेवढं ठरू दे."

दत्तोबा म्हणाला, म्हशींच्या डोहात. त्याचं दुकान त्या डोहाच्या वरच होतं, आणि शिकून दमलेली माणसं चहा पितात हे त्यानं हिशेबात धरलेलं.

वासू म्हणाला, "छे, छे! म्हशींच्या डोहात बाया धुणं धुतात. शिकायचं तर देवडोहात." देवडोहात देवाचे मासे. तिथं कुणी पायसुद्धा बुडवत नसे. देव तिथं नाहीच म्हणेल याची वासूला पक्की खात्री होती.

कधी, हा प्रश्न तर त्याहून अवघड निघाला. मळणी व्हायची होती. मळणी झाल्यावर अमावास्या आली. अमावास्येनंतर थंडी पडली, आणि अण्णा, मामा, काका सगळ्यांचे एकाच वेळी कान दुखू लागले.

"चैत्रात पाणी ऊन असतंय," एकजण म्हणाला.

"चैत्रात मी नसतंय," झिलू म्हणाला.

शेवटी देवाला कौल लावायचं ठरलं. आपल्या अंगावरचं काम देवाच्या अंगावर टाकायची रीत वडकोंडला जुनीच. देवाच्या उजव्या खांद्यावर पाकळी ती देवडोहाची, डाव्या खांद्यावरची म्हशींच्या डोहाची. जी आधी पडेल तिथं, आणि ज्या दिवशी पडेल त्याच्या दुसऱ्या दिवशी शिकवणी. एका कौलात दोन्ही प्रश्न सुटतात म्हणून दत्तोबानं स्वतःचंच कौतुक केलं.

धाकलू गुरवानं पाकळ्या लावल्या. एरवी पाण्याचं बोट लावून चिकटवलेली पाकळी घटकाभरात पडते. या वेळी पडली नाही. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. पुरुष देवळात मांडी घालून बसले. घरून जेवण येऊ लागलं.

"देव विचार करतोय," वासू दबक्या आवाजात म्हणायचा. देवानं असाच विचार करत राहावं असं त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

त्याच सुमारास धाकलू गुरव मागल्या दारानं फुलाकडं आला.

"फुले, वाईच खोबरेल दे गो."

"कशाला?"

"बोटं चिकटलीत."

त्यानं हात पुढं केला. बोटांवर पांढरट, दोऱ्यासारखा ताणणारा चीक होता. फणसाचा चीक तेलाशिवाय सुटत नाही हे पोरासोरांना कळतं. पण त्या दिवसांत फणसाच्या झाडाला फळ सोडा, फुलोरासुद्धा धड नव्हता. झाडाला मुद्दाम खाच पाडल्याशिवाय हा चीक कुणाच्या बोटाला लागणार नव्हता.

"गुरवमामा," फुला तेल ओतता ओतता म्हणाली, "देव कधी सांगंल म्हणं?"

"देवाच्या मनात येईल तवा."

"शिमग्याला?"

धाकलूनं तिच्याकडं बघितलं. मग तेल लावलेली बोटं कानाच्या पाळीला लावली. "उजवी पडली तर देवडोहात माणसं उतरणार, मासे पळणार, त्यांचा चुरमुऱ्याचा नैवेद्य बंद, म्हंजे माझी गोणी बंद. डावी पडली तर सावकाराची चैन, आणि सगळी म्हणणार गुरवानं पैसं खाल्लं. मी काय करू, तू सांग?"

फुलानं तेलाची बाटली झाकली. तो गेल्यावर ती चुलीपुढं बसून विचार करू लागली. बोभाटा केला तर नव्या पाकळ्या लागतील, नवं भांडण लागेल आणि जत्रा येईल. गप्प बसलं तर सगळे पुरुष दिवसभर देवळात. म्हणजे नदीवर कुणी नाही. देवानं कौल दिला नव्हता असं कोण म्हणेल? चांगला घट्ट दिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हशींच्या डोहावर झिलूपुढं उभी राहिली.

"मला शिकीव."

झिलूनं विडी विझवली. "भिणार काय गो बाय?"

"कुणाला?"

"पाण्याक."

"पाणी काय करणार? बुडवंल. लोंढ्याला गेले तरी तेच."

झिलूला लोंढ्याचं काही ठाऊक नव्हतं, पण त्याला ओंडक्यामागं मजुरी होती, आणि साखळी बाईनं बांधली की बाप्यानं हे ओंडका सांगत नाही. फक्त पंपाला दोन माणसं हवी होती. फुलानं शेजारची येसू आणली, आणि धाडस करून वहिनीलाही, रुक्मालाही. रुक्मा वहिनी आली ती मायेनं आली असं कुणी समजू नये. फुला लोंढ्याला गेली तर घरचं सगळं दळणकांडण आपल्या गळ्यात पडणार, हे तिनं नवऱ्याच्या कितीतरी आधी ओळखलं होतं.

"वैनी, आता जीव तुज्या हातात हाय," टोपडं चढवताना फुला म्हणाली.

"आजवर कुणाच्या हातात होता?" रुक्मा म्हणाली आणि पंपाचा दांडा धरला.

मुसळानं भात कांडणाऱ्या बायका त्या. एक दाबते, दुसरी सोडते, आणि वर जात्यावरचं गाणं. झिलू म्हणाला, कारवार बंदरातसुद्धा असा एकसारखा वारा कधी आला नव्हता. त्यानं फुलाला तेवढंच शिकवलं जेवढं लागतं: श्वास कोंडायचा नाही, घाई करून वर यायचं नाही, दोरीला एक हिसका म्हणजे ठीक, लागोपाठ हिसके म्हणजे ओढा. पहिल्या दिवशी ती कंबरभर पाण्यात बसली आणि घाबरून वर आली. दुसऱ्या दिवशी गळ्याच्या वर पाणी येईपर्यंत गेली, तेव्हा टोपड्यात तिला स्वतःचाच श्वास बैलासारखा ऐकू आला आणि तिनं इतके हिसके दिले की दोरी धरलेला झिलू पाण्यात पडता पडता वाचला. तिसऱ्या दिवशी ती तळाला पोचली आणि ओंडक्याला हात लावून आली.

वर आल्यावर वहिनीनं विचारलं, "काय हाय खाली?"

"चिखल. आणि तुजी हरवलेली कळशी."

"मग आणायची न्हाईस?"

"मी काय तुज्या कळशीसाठी शिकते?"

जत्रेच्या आदल्या दिवशी फुलानं पहिल्या ओंडक्याला साखळी घातली. दोरीला एक हिसका आला, झिलूनं बैल हाकले, आणि किंदळाचा तो काळाकुट्ट ओंडका चिखल ओकत काठावर चढला. येसूनं अशी आरोळी ठोकली की देवळापर्यंत गेली.

देवळात त्याच वेळी वेगळाच गोंधळ चालला होता. कुणाची तरी शेळी गाभाऱ्यात शिरून देवाच्या खांद्यांवरच्या दोन्ही पाकळ्या चाटून खाऊन गेली होती. शेळी डावीकडून आली, म्हणून आधी डावी गेली, असं दत्तोबा म्हणत होता. तोंड उजवीकडं होतं, म्हणून आधी उजवी, असं वासू. आरोळी ऐकून सगळे नदीकडं धावले, ते शेळीसकट.

फुला टोपडं काढून काठावर निथळत बसली होती.

"कुणाला इचारून उतरलीस?" वासू ओरडला.

"देवाला. तुमी इचारलं, मी उत्तर ऐकलं."

"काय उत्तर? पाकळी पडलीच न्हाई!"

फुलानं धाकलूकडं बघितलं. धाकलू बोटं धोतराला पुसू लागला. "व्हय व्हय," तो घाईघाईनं म्हणाला, "न पडणं म्हंजे बाप्यांनी उतरायचं न्हाई. असा अर्थ असतोय. जुना हाय."

हा अर्थ ऐकून जमलेल्या पुरुषांच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते उळवीहून दर्शन घेऊन येणाऱ्यांच्या तोंडावरही दिसत नाही. कान दुखायचे एका क्षणात थांबले. एकटा वासू तेवढा म्हणत राहिला की लोंढ्याच्या लोकांना काय सांगायचं. ते लोक आले, चहा प्याले, आणि मुलगी आपणहून पाण्याखाली जाऊन बसते हे कळल्यावर गुणाच्या खोकल्याचं कारण सांगून निघून गेले.

नंतर कुणाचं काय झालं ते सांगायला हवं. धाकलू गुरव सत्तर साली गेला. कौलाचा 'जुना अर्थ' त्यानं पुढं बऱ्याच भांडणांत वापरला. दत्तोबानं ओंडके बघायला येणाऱ्यांना चहा विकला आणि बुडीची शिकवणी आपणच गावात आणली असं शेवटपर्यंत सांगितलं. गुणानं खानापूरकडची बायको केली. झिलू कारवारला परत गेला, म्हातारपणी बहिरा झाला. सुप्याचं धरण झालं आणि दोन्ही डोहांसकट वडकोंड पाण्याखाली गेलं. वासू आणि रुक्मा रामनगरच्या वसाहतीत आले, तिथं रुक्मा नळावरच्या रांगेत पहिला नंबर धरायची आणि वासू तिच्या ताटाकडं बघायचा. येसू मुलाकडं बेळगावला राहिली.

फुलानं नऊ उन्हाळे नद्यांचे तळ पाहिले. मग खोपीतून निघून तिनं जगलपेठच्या बाजूला स्वतःचं घर बांधलं आणि पाट लावला तो परशुराम तराफेवाल्याशी, तिनं स्वतः पारखून घेतलेल्या. त्यालाही पोहता येत नव्हतं. पण ते त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.