सात नंबरचं बटण

"आता हे सात नंबरचं बटण. आपला राज्यपक्षी, हरियल," असं म्हणत गाइड हर्षाने बटण दाबलं.

काचेमागच्या हिरव्या कबुतराने अर्थातच चोच उघडली नाही. त्याच्या पोटात भुसा होता. शीळ वरच्या डब्यातून आली. एक लांब, आणि तिच्यामागे खाली घरंगळत जाणारी दुसरी.

सत्यभामाबाईंच्या हातातली पिशवी पडली. "अवं पोरी, हे पाखरू नोहे, हे तं आमचे..."

शेजारी उभ्या नवऱ्याने, पुंडलिकरावांनी, त्यांच्या पायावर पाय दिला. बोलून थांबवणं त्यांच्या हातात राहिलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी या संग्रहालयासाठी आवाज टिपायला एक साहेब सानगडीजवळच्या तलावावर आले होते. तीन दिवस ते वडाखाली यंत्र रोखून बसले. हरियलांनी तीन दिवस वडाची फळं खाल्ली आणि सरकारी कामात एका अक्षराने सहकार्य केलं नाही. चौथ्या दिवशी साहेबांचा चेहरा बघवेना, म्हणून वनमजूर पुंडलिकरावांनी झाडामागून शीळ घातली. तीच, जी ते रोज संध्याकाळी घरी परतताना तलावाच्या पाळीवरून घालत आणि ती ऐकून सत्यभामाबाई भात चढवत. साहेब इतके हरखले, की खरं सांगणं उद्धटपणाचं झालं असतं. खुशीत त्यांनी पानठेल्यावरून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून आणवला.

खर्‍याने पुढे आपलं काम चोख केलं. गेल्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरांनी पुंडलिकरावांचं स्वरयंत्र काढून टाकलं. आता श्वास गळ्याच्या भोकातून ये-जा करतो, भोकावर दुपट्टा असतो, आणि ओठ फक्त जेवणापुरते उरले आहेत. सत्यभामाबाईंनी आज दोन एसट्या बदलायला लावल्या, त्या या शिळेसाठी.

"काहून? सांगू द्या नं जी," त्या कुजबुजल्या. "तुमचा आवाज कबुतराच्या नावावर कायले ठेवाचा? तुमच्या नावाची पाटी लावतीन."

"इथं खोटं चालत नाही, आजी," हर्षा अभिमानाने पाच नंबर दाखवत होती. "हे भेकर होतं नं, त्याचा आवाज कुत्र्याचा निघाला. मीच वर कळवलं. त्याच दिवशी पुसला."

"पुसला म्हंजे? कुठं तरी ठेवला असंन नं?"

"कुठंच नाही. गेला."

सत्यभामाबाईंनी पिशवी उचलली. मग हळूच विचारलं, "हा सात नंबरचा मोबाईलात देता येते का?"

"मनाई आहे, आजी. पण ऐका नं, कितीदाही ऐका. हा नर आहे. मादीले बोलावून राहिला."

"माहीत आहे मले," सत्यभामाबाई म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी बटण अकरा वेळा दाबलं. मग डोळे पुसत, मगर बघायची आहे असं सांगून त्या आतल्या दालनात गेल्या.

साडेचार वाजले. एसटी पाचची. पुंडलिकरावांनी टाळ्या वाजवून पाहिल्या. आतल्या दालनात एक शाळा शिरली होती, त्या गलक्यात टाळ्या विरून गेल्या. मग परत फिरून त्यांनी सात नंबरचं बटण दाबलं.

एक लांब, एक घरंगळती.

"आली जी, आली!" आतून, गलक्यावरून आवाज आला. "थांबा नं, येऊनच राहिली!"

हर्षाने पुंडलिकरावांच्या गळ्यावरच्या दुपट्ट्याकडे पाहिलं. मग काचेतल्या कबुतराकडे. 'हरियल, नर' ही पाटी वाकडी नव्हती, तरी तिने ती दोन्ही हातांनी सरळ केली.