नानांचं कार्ड

या, असे जवळ सरकून बसा. मुलुंडची एक गोष्ट ऐकवायची आहे, आणि ती लांबून ऐकण्यासारखी नाही.

विद्याधरकाकांनी निवृत्तीनंतर कार्डांचा खेळ काढला, ‘रंगसभा’. बुवा, टाळकरी, पेटीवाले जमवायचे, आपसांत अदलाबदल करायची आणि समोरच्याचे श्रोते पळवायचे. कार्डं एकशे आठ. दुपारी चारला ती छापखान्यात जायची होती, आणि शेवटचं अडलं होतं.

ते नानांचं. काकांच्या या मित्राने चाळीस वर्षं कीर्तनात तबला वाजवला. पत्रकावर बुवांचं नाव ठळक, पेटीवाल्याचं बारीक आणि नाना ‘व साथीदार’मध्ये. “एकदा तुझं नाव छापून आणीनच,” असा काकांनी शब्द दिला होता. मागच्या वर्षी नाना गेले. शब्द तसाच राहिला.

खेळाचे नियम सांभाळायला चेंबूरची रश्मी. नोकरी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची. सुट्टीतही हात स्वस्थ राहत नाही.

“काका, हे काय? ‘नाना डुलकी घेत असल्यास उठवू नये. समेवर आपोआप जागे होतात.’ सम कोण ठरवणार?”

“कान!”

“कान खोक्यात येत नाहीत. नियम चार. खोक्याबाहेरचं काही लागता कामा नये.”

“बरं, मग नाना दोन्ही बाजूंना साथ करतील. खरंच करायचे गं. आमच्यावर रुसलेल्या मंडळालासुद्धा!”

“नियम सहा. कार्डाला मालक एकच.”

“ताकद सव्वा?”

“अपूर्णांक नाही.”

“मग कार्डच गोल करू. तबल्यासारखं!”

“म्हणजे गठ्ठ्यात हात घातला की नाना सापडले. वाट लागली ना खेळाची! आकार एक, मागची बाजू एक. नियम नऊ.”

काका उसळले. “ना माणूस, ना पशू! नरसिंहालाही तू खांबातच परत पाठवलं असतंस!”

“नरसिंह पास, काका. त्याने वरदानातली एकूण एक अट पाळून काम केलं.”

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजले होते.

“नुसतं नाव ठेवूया?” त्यांनी हळूच विचारलं.

“काहीच न करणारं कार्ड कोण खेळणार? नाना खोक्यातच राहतील.”

काकांचे डोळे भरले. रश्मी जरा वेळ नखं कुरतडत बसली.

“नाना बसायचे कुठे?”

“बुवांच्या मागे. अजून कुठे!”

तिने नमुन्याचं कार्ड उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. तिथे काय छापायचं ते कोणाला सुचलंच नव्हतं.

“इथे ताकदीचा नियम नाही, मालकाचा नाही. फक्त सगळ्यांवर सारखं हवं.”

“सगळ्यांवर? एकशे आठ वेळा नाना? अगं, जपमाळच की ही!”

काकांनी भराभर चित्र काढलं: डोळे मिटलेले नाना, पुढ्यात तबला-डग्गा आणि खाली पूर्ण नाव. शेवटचं कार्ड झालं ‘डुलकी’. ‘समोरच्याची एक पाळी चुकते.’ रश्मीने ते दोनदा तपासलं. फाइल चारला पाच कमी असताना गेली.

तेव्हा मंडळी, कधी ‘रंगसभा’ खेळलात, तर तुमच्या हातातली कार्डं समोरच्याला दिसणार नाहीत. त्याला दिसतील नाना. त्याच्या हातातले तुम्हाला दिसतील. डाव कोणीही जिंको, पण तेवढी त्या तबलजीची आठवण काढा.