थांबा, अजून एक आहे

शिंपीकाकांची बायको शिंकली की गल्लीतली झोपलेली कुत्री उठून बसत. पण खरी गंमत पुढेच असे. पहिली शिंक झाली की ती हाताचा पंजा वर करून जाहीर करी, "थांबा, अजून एक आहे!" मग काकांची कात्री कापडात अर्ध्यावर थांबे, गिऱ्हाईक माप द्यायला पसरलेले हात तसेच धरून उभं राही. सबंध संसारात ती दुसरी शिंक कधी चुकली नाही.

"एकदाच काय ते उरकून घेत जा की," काका म्हणत.

"तुम्ही शर्टाला एकच बाही लावता का?"

आता ती इस्पितळात आडवी होती. डोळे उघडे, नजर छताच्या पंख्यावर.

"रिपोर्ट बरे म्हणता, मग माशी शिंकली कुठे?" काकांनी डॉक्टरांना विचारलं.

"मेंदूत," डॉक्टर म्हणाले. पोरसवदा होते, खोटं बोलायला अजून शिकले नव्हते. "काका, आत आता कुणी उरलेलं नाही, असंच समजा."

काकांनी समजायचं नाकारलं. दुपारी भेटीच्या वेळेला ते मेहुण्याची तपकिरीची डबी खिशात लपवून घेऊन आले.

"अगं, तुझ्या भावाची तपकीर. त्याला शिव्या घालायच्या असतील तर ऊठ आणि घाल."

आयुष्यभर सुया वेचलेल्या बोटांनी त्यांनी इवलीशी चिमूट तिच्या नाकाशी धरली. नाकपुडी थरथरली. शिंक आली. एवढीशी, की शेजारच्या खाटेलाही पत्ता लागला नाही. काका हरखले आणि श्वास धरून तिच्या पंजाकडे बघत बसले.

पंजा इस्त्री केल्यासारखा चादरीवर पडून होता.

तेवढ्यात नर्स आत आली आणि सणसणीत शिंकली.

"अजून एक आहे?" काका धडपडत उठले.

"नाही हो काका, माझी एकच असते. कसला वास हा?"

"कसलाच नाही."

काकांनी डबी मिटली. रुमालाने बायकोचं नाक हळूच पुसलं.

"चला, वेळ संपली भेटीची."

"थांबा," काका म्हणाले.

नर्स थांबली. बराच वेळ थांबली. पण काका पुढे काही बोलेनात. पुढचे तीन शब्द तिचे होते.