रणबाईचा वस्ताद

पोस्टर बघितल्यापासून वर्षाराणीचं डोकं फिरलं होतं. कोल्हापुरात चौकाचौकांत 'रणबाई' लागली होती, लाल मातीत उभी, काष्टा कसलेली, दंड थोपटणारी. पोस्टरवर दिग्दर्शकाचं नाव होतं, निर्मात्याचं होतं, कपडे शिवणाऱ्याचंसुद्धा होतं. ज्यानं ही बाई कागदावर जन्माला घातली त्या विजयसिंहाचं, तिच्या धाकट्या भावाचं, मात्र नव्हतं. ती थेटरात हट्टानं बसून राहिली. माणसं उठून गेली, झाडूवाले आत आले, तेव्हा कुठं मुंगीएवढ्या अक्षरांत 'विशेष आभार' खाली ते सापडलं.

"आभार? आपल्याच लेकराच्या बारशाला तुला पावणा म्हणून बोलावलं व्हय रं?" घरात पाय ठेवताच ती त्याच्यावर ओरडली.

विजयसिंह सुट्टीवर घरी आला होता. इंजिनिअर व्हायला म्हणून तो अमेरिकेला गेला आणि ते सोडून कॉमिकच्या कंपनीत लागला. वीस वर्षं दर महिन्याला एक अंक. चित्रं दुसऱ्याची, पण गोष्ट, संवाद, रणबाईचा एकूण एक डाव त्याचा. कंपनी म्हणाली, तुम्ही पगार घेतलात, आता बाई आमची. करार वाचून वकिलानंही हात वर केले होते.

"जाऊ दे गं आक्का."

"जाऊ दे कसं? अमेरिकेला कळत न्हाय तर न कळू दे. कोडोलीला कळंल की!"

कोडोली त्यांचं गाव. जत्रेचं कुस्त्यांचं मैदान तोंडावर आलं होतं. तिथं माईकवर गुंडू असायचा, आणि त्याचा एक नेम होता. पैलवान मातीच्या हौद्यात उतरला की त्याच्या नावापाठोपाठ वस्तादाचं नाव पुकारायचं. ज्याला आपल्याला शिकवणाऱ्याचं नाव घेता येत नाही, त्याची कुस्ती गुंडू लागूच द्यायचा नाही. वर्षाराणीनं त्यालाच गाठलं आणि भावाचा सत्कार भर मैदानात ठरवून आली. गारगोटीला गाडी पाठवून तिनं तानाबाई आत्तीलाही आणवलं, पहिल्या रांगेत बसवलं. भाच्याचं कौतुक म्हातारीनं डोळ्यांनी बघायला हवं होतं.

हलगी थांबली. विजयसिंहाला फेटा बांधला. "रणबाई कुणी घडवली?" गुंडू गरजला. "सिनेमावाल्यांनी? न्हाय! आपल्या कोडोलीच्या ह्या गड्यानं घडवली!"

शिट्ट्यांनी मैदान दणाणलं. वर्षाराणीचा ऊर भरून आला. गुंडूनं सवयीनं पुढचा सवाल टाकला, "बोला, वस्ताद कोण तुमचं?"

विजयसिंह हसला. "वस्ताद कुणी न्हाय. रणबाई सगळी माझ्या डोक्यातनं आली."

पुन्हा टाळ्या पडल्या. वर्षाराणीचे हात मात्र अर्ध्यातच थांबले. तिनं आत्तीकडं बघितलं. पोरीची जात म्हणून हौद्यात पाय ठेवू देत नव्हते, तेव्हा ही बाई गोठ्यामागं माती उकरून भावांशी लढली होती. रणबाईचा घिस्सा डाव हिचा. पडलेल्या गड्याला रणबाई दर अंकात सुनावते, "ऊठ की, माती खायाला आलायस व्हय?" अमेरिकेतली पोरं ते वाक्य टी-शर्टवर छापून मिरवतात. तेही हिचंच, दर उन्हाळ्यात ह्या दोघा भावंडांना पाटावर बसवून गोष्टींत ऐकवलेलं. आणि तीच आत्ती आता सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होती.

वर्षाराणी तरातरा पुढं गेली आणि गुंडूच्या हातातला माईक ओढला.

"इज्या, तुझ्यापायी महिनाभर त्या कंपनीला शिव्या घालत हाय मी. त्यांनी बारक्या अक्षरात का हुईना, तुझं नाव घातलं. तू आत्तीला तेवढी तरी जागा द्यायचीस की! वीस वर्षांत एका अंकात?"

विजयसिंहाची मान खाली गेली. काय झालं ते गुंडूला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यानं माईक घेतला आणि आत्तीपुढं जाऊन उभा राहिला.

"आज्जे, नाव?"

"तानाबाई."

"वस्ताद कोण?"

म्हातारी ताडकन उठली. पदर कमरेला खोचला. "सयाजी! माझा थोरला भाऊ. ह्या दोघांचा बाप."

नाव ओठावरच होतं. इतक्या वर्षांत ते तिला कुणी विचारलंच नव्हतं.