थंड देशाचा थर्मोस्टॅट

तिश्काच्या घाटात गाडी उकळली की बासू आधी खाली उतरून टायरला लाथ घालायचा आणि मग बॉनेट उघडायचा. बिचाऱ्या टायरचा काय दोष, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. मागे चार आणि पुढे दोन अशी कोंबलेली सहा माणसं कुरकुरत उतरायची. पाणी निवेपर्यंत बासूच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

गाडी जुनी मर्सिडीज होती, डिझेलवर चालणारी, बासूच्या थोरल्या मुलाहून वयाने मोठी. वारझाझातहून घाटापलीकडच्या मराकेश शहरात माणसं पोहोचवून तिने बासूचं घर चालवलं होतं. सपाटीवर ती अजूनही शहाण्यासारखी धावायची. घाट लागला की मात्र तिचं डोकं फिरायचं.

ऑगस्ट लागला तसं हम्मूने त्याला बाजूला घेतलं. हम्मू टॅक्सी स्टँडवर गाड्यांचे नंबर लावायचा. कुणाची गाडी कधी भरायची ते त्याच्या बोटावर.

"बासू, लोक तुझ्या गाडीत बसायला मागत नाहीत. काल एक बाई म्हणाली, बकऱ्यांबरोबर ट्रकमधून जाईन, पण त्या किटलीत बसणार नाही."

"दादा हम्मू, पंप नवा घातलाय. पाइप नवे, पट्टा नवा. रेडिएटरचं झाकणसुद्धा नवं!"

"म्हणजे जुना राहिला फक्त ड्रायव्हर. तोही बदलू का?" हम्मू हसला नाही. "शनिवारी भरलेली गाडी घेऊन घाट चढ. मधे उकळली, तर तुझा नंबर त्या नव्या सात सीटरवाल्याला देईन. वाईट वाटून घेऊ नकोस, रोज शिव्या मला खाव्या लागतात."

वाईट कसं वाटणार नाही? नंबर गेला की मर्सिडीज म्हणजे कोंबड्यांचं खुराडं, आणि या वयात बासूला दुसरं कोण कामावर ठेवणार होतं? तो थेट अद्दीच्या गॅरेजात गेला. अद्दी त्याचा लंगोटीयार. दोघांची सुंतासुद्धा एकाच दिवशी झाली होती. बासूच्या गाडीला अद्दीखेरीज दुसऱ्याचा पाना कधी लागला नव्हता.

"रेडिएटर चोंदलाय," अद्दी म्हणाला. "किती वर्षं झऱ्याचं पाणी ओततोयस, आत चुन्याचा थर बसलाय. नवा घ्यायची तुझी ऐपत नाही. मराकेशच्या भंगार बाजारात जा, लल्ला रकियाला गाठ. आणि ती पहिला भाव सांगेल तेव्हा हातातला चहा खाली ठेव, नाहीतर सांडेल."

लल्ला रकिया, म्हणजे रकियाबाई, नवऱ्यामागे भंगाराचं दुकान एकटीने हाकत होती. तिच्याकडे बासूच्या गाडीची सख्खी बहीण पडली होती. मागून चेपलेली, पुढून धडधाकट. घासाघीस करून रेडिएटर ठरला. तो सोडवताना बासूने इंजिनाकडचा पाइप ओढला, तर तोंडाशी एक पितळी, स्प्रिंगवाली चकती बसलेली दिसली.

"लल्ला, हे काय?"

"थर्मोस्टॅट. घेऊन जा, फुकट. फ्रान्सहून आलेली गाडी आहे म्हणून तो आत राहिला. इथे कोण ठेवतं? थंड देशाची वस्तू ती."

हेच वाक्य अद्दीनेही म्हटलं होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी एक पाइप फुटून गाडी तापली, तेव्हा त्याने पाइप बदलला आणि वर थर्मोस्टॅटही उपटून फेकून दिला होता. पाणी अडवणारं दार उन्हाच्या मुलखात हवंच कशाला? हे सगळ्या स्टँडला पटलं होतं. एकेकाने अद्दीकडून आपापल्या गाडीतला काढवून घेतला, आणि तेव्हापासून हिवाळ्यात सगळ्यांचे हीटर गार पडले तरी कुणाला शंका आली नव्हती. बासूने ती चकती खिशात टाकली, ती निव्वळ फुकट मिळाली म्हणून.

गुरुवारी अद्दीने रेडिएटर बसवला. शुक्रवारी नमाजानंतर बासू रिकामी गाडी घेऊन घाटात गेला, आणि अर्ध्यावर ती उकळली. रिकामी असून! या वेळी त्याने टायरला लाथही घातली नाही. घरी येऊन तो भिंतीला टेकून बसला. आता संपलं, असं त्याला खरोखरच वाटलं.

त्याची बायको तूदा कपडे भिजत घालायला खिसे उलटे करत होती. "हे काय आणलंस? माझ्यासाठी कानातलं?"

"गाडीतलं आहे. गरम पाण्यात उघडतं म्हणे."

"मग बघू तरी उघडतं का." तिने ती चकती त्याच्याच दाढीच्या भांड्यात टाकून चुलीवर ठेवली. बासूने नको म्हणायला तोंड उघडलं, पण भांडण्याचंही त्राण नव्हतं.

पाणी खदखदू लागलं तशी चकती हलली. वरची झडप सावकाश उचलली गेली, आणि तिच्याबरोबर खालची थाळी खाली सरकली. तूदाने चिमट्याने ती बाहेर काढली, गार होऊ दिली, पुन्हा बुडवली.

"एक दार उघडतं तेव्हा दुसरं खाली जाऊन लागतं," ती म्हणाली. "वरच्या दारातून पाणी कुठे जातं?"

"रेडिएटरकडे, थंड व्हायला."

"आणि खालच्या?"

"ती आडवाट. तिथून परत इंजिनातच."

"मग हे कानातलं नसलं तर?"

"दोन्ही दारं सताड उघडी."

"आणि पाणी लांबच्या वाटेने जाईल होय? तू तरी जातोस का? तुला पीठ आणायला धाडलं की मधल्या गल्लीतून कॅफेत पोहोचतोस!"

बासूच्या डोक्यात प्रकाश पडला. उकळतं पाणी दोन वर्षं इंजिनातल्या इंजिनात फिरत होतं, आणि तो रेडिएटर बदलत बसला होता. मग त्याने तूदाच्या कपाळाचं इतक्या जोरात चुंबन घेतलं की तिच्या हातातला चिमटा पडला.

सकाळी अद्दीला हे सांगणं घाटापेक्षा अवघड होतं. अद्दी भडकलाच. "आता तुझी बायको मला गाड्या शिकवणार? अख्खा मुलूख तो काढतो, बासू!" बासूने चकती त्याच्या हातात ठेवली. अद्दीने चकती उलटसुलट करून पाहिली, इंजिनातल्या त्या आडवाटेच्या भोकावर बोट ठेवलं, आणि त्याचा आवाज खाली आला. बोलता बोलता त्याने पाना उचलला. "बसवतो. पण मी पुढे बसणार. उकळली, तर तूदाला मी स्वतः सांगतो."

हम्मूने गाडी भरली. एका म्हातारीने घाटातल्या मुक्कामासाठी पाव आणि ऑलिव्ह बांधून घेतले होते, आणि ते ती सगळ्यांना दाखवत होती. चढ सुरू झाला. तापमानाचा काटा वर सरकू लागला तसा बासूच्या मानेवरून घाम ओघळला. काटा आणखी चढला, थबकला, किंचित खाली आला, आणि तिथेच राहिला. वळणामागून वळण गेलं. काटा हलला नाही.

"थांबायचं कधी?" म्हातारीने विचारलं.

"थांबायचं नाही, आजी. चालत्या गाडीतच खा."

माथ्यावर पोहोचल्यावर मात्र अद्दीनेच थांबायला सांगितलं. बासू उतरून बॉनेटला टेकला. आपला नंबर वाचला, या विचाराने त्याचे डोळे भरून आले होते. अद्दी खाली, वळणांकडे बघत होता. तिथे त्यांच्याच स्टँडची एक गाडी बॉनेट उघडून वाफा सोडत उभी होती.

"त्यातला पण मीच काढलाय," अद्दी म्हणाला. "सगळ्यांतला मीच काढलाय, बासू. आणि दोन वर्षं उन्हाला दोष देतोय."

बासूही वळून त्या गाडीकडे पाहू लागला.

"मराकेशला पोहोचलो की मला लल्ला रकियाकडे ने," अद्दी म्हणाला. "तिच्याकडे असतील तेवढे थर्मोस्टॅट उचलू. उद्यापासून एकेक गाडी घेतो."

"लोक हसतील तुला, अद्दी."

"हसू देत," अद्दी पुढच्या सीटवर चढत म्हणाला. "हसत हसत वेळेवर पोहोचतील."