भोंग्याच्या हातचा ओरखडा

"भिंत कधी ओरडते का गं? सांग ना, ओरडते?" सर प्रयोगशाळेतल्या ताईच्या नाकासमोर तिनं कातडीच्या पेशी वाढवलेली काचेची बशी नाचवत होते. "कातडीच्या पेशी म्हणजे भिंत! सूज आणायची ती सैनिकांनी. पांढऱ्या पेशींनी. जन्मभर हेच शिकवत आलोय मी!"

'शिकवलंत, पण बघितलंत कधी?' ताईच्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं तिनं. तिच्या सगळ्या बशा आजच्या आज फेकायचा हुकूम सुटला होता. बशा गेल्या की तिची चार वर्षंही त्याच बादलीत.

सरांना सगळी प्रयोगशाळा भोंगा म्हणायची. पाठीमागे, अर्थात.

ताईचं म्हणणं साधं होतं. ओरखडा बसला की कातडीच्या पेशी स्वतःच निरोप सोडतात. निरोप म्हणजे बारीक बारीक प्रथिनं. ती पांढऱ्या पेशींना गाठतात आणि फौज धावत सुटते. काम उरकलं की 'बस झालं, घरी जा' सांगणारी प्रथिनंही सुटतात. ही दुसरी जात भोंग्याच्या अंगात कधी तयारच झाली नव्हती.

सकाळी त्यांनी बाह्या सरसावल्या. "मीच करून दाखवतो!" वर्षानुवर्षं खुर्चीशिवाय काही न धरलेल्या हातात नळी आली. एक बशी ओरखडलेली, एक न शिवलेली. दोन्हींतलं पाणी ओढून त्यांनी वेगवेगळ्या बारीक चाळण्यांखाली ठेवलं, वर पांढऱ्या पेशी सोडल्या. पाण्यात निरोप असेल तरच त्या भोकांतून खाली उतरणार. आता बघतात तर दोन्हीकडे पेशी खाली उतरलेल्या, साखरेला मुंग्या लागाव्यात तशा.

"बघ! ओरखडा नाही तरी आल्या! निरोप नाही न बिरोप नाही, तुझ्या बशांत घाण शिरलीय. आवर तुझं दुकान!"

बाटल्या धुणारे काका बादली घेऊन दारात हजरसुद्धा झाले. हुकमाचे ताबेदार.

ताईनं सरांची ती न शिवलेली बशी गुपचूप सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. बघितलं. परत बघितलं. हसू दाबायला ओठ चावावा लागला.

"सर, जरा येता?"

"मी काय बघायचं त्यात?"

"बघा तरी."

सरांनी डोळा लावला. पेशींच्या फरशीतून आरपार चर गेलेला, नांगर फिरवल्यासारखा. पाणी ओढताना साहेबांनी नळीचं टोक तळाला खरवडत नेलं होतं.

"न शिवलेली ती हीच ना, सर?"

भोंग्यानं पुन्हा डोळा लावला.

"म्हणजे भिंत ओरडली म्हणायची," काका म्हणाले, "तीही तुमच्याच हातचा मार खाऊन."

सरांचे कान लाल झाले, मग मान. जंतू एक नाही, आणि सूज बघा कशी चढली!

"मग भरू का बादली?" काकांनी विचारलं.

"राहू दे." सर चष्मा शोधत होते. तो नाकावरच होता. "राहू दे तिच्या बशा. मला... मला आता घरी जायला हवं."