लिहायची परवानगी

खराडीच्या त्या कारखान्यात पंपांचे सुटे भाग बनत, आणि त्या भागांच्या ड्रॉइंगचं कपाट दत्तोबा फडतऱ्यांच्या ताब्यात होतं. नारायण पेठेतून दोन बस बदलून ते रोज सकाळी यायचे, कपाट उघडायचे आणि संध्याकाळी कुलूप लावून निघायचे. मधल्या वेळात ज्याला ड्रॉइंग हवं असेल त्याने वहीत सही करायची आणि काम झालं की कागद परत आणून द्यायचा. कागदावर चहाचा डाग पडला तर दत्तोबा रागवत नसत. वहीत त्या माणसाच्या नावापुढे 'चहा' एवढंच लिहून ठेवत. पुढच्या खेपेला तो माणूस हात धुऊन यायचा.

२००६ साली मालकांनी, म्हणजे सर्जेरावांनी, सगळी ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर न्यायचं ठरवलं. त्यांच्या वडिलांनी, सोनबांनी, शेताच्या कडेला दोन लेथ टाकून हा कारखाना सुरू केला होता. आता शेत राहिलं नव्हतं. चहूबाजूंनी काचेच्या इमारती उठत होत्या आणि त्यांच्यात आपण अगदीच जुनाट दिसतो असं सर्जेरावांच्या मनाने घेतलं होतं.

या कामासाठी त्यांनी रुपालीला नोकरीवर घेतलं. ती वाशीमची. शिकायला म्हणून पुण्यात आली आणि इथेच राहिली. पहिलीच नोकरी, पहिले सहा महिने प्रोबेशन. तिने कोपऱ्यातल्या खोलीत ड्रॉइंगं साठवणारा सर्व्हर बसवला, सगळ्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही सिस्टीम घातली आणि प्रत्येकावर सर्व्हरशी जोडून देणारा एक छोटा प्रोग्रॅम टाकला. त्याला सगळे क्लायंट म्हणू लागले. सकाळी त्यात आपलं नाव आणि पासवर्ड भरला की सर्व्हरवरची फोल्डरं समोर यायची. कोणी कुठलं फोल्डर नुसतं वाचायचं आणि कोणी त्यात बदल करायचे, हेही त्या क्लायंटमध्येच ठरवता येत होतं.

कोणाला काय द्यायचं, असं रुपालीने विचारलं तेव्हा सर्जेराव म्हणाले, सगळी आपलीच माणसं हायेत, सगळ्यांना सगळं देऊन टाका. रुपालीला ते पटलं नाही. पण नोकरीला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. तिने देऊन टाकलं.

दत्तोबांचं कपाट गोदामात गेलं. ते आपल्या टेबलाशी रिकामे बसू लागले. रुपालीने त्यांना क्लायंट शिकवायची तयारी दाखवली, त्यावर ते म्हणाले, "अहो मॅडम, दार सताड उघडं असलेल्या घरात किल्ली वापरायला शिकून मी काय करू?" रुपालीला राग आला.

तीन आठवड्यांनी चाळीस झाकणं वाया गेली. मधलं भोक चार मिलिमीटर सरकलेलं होतं, पंपावर एकही झाकण बसेना. ज्ञानदेव टर्नरने हातातला कागद सगळ्यांसमोर धरला. त्याने ड्रॉइंगप्रमाणेच काम केलं होतं. ड्रॉइंगच चुकलं होतं. आणि ते काढलं होतं हेमाने. पाच वर्षं ती तिथे ड्रॉइंग काढायची, आता कॉम्प्युटरवर. आपण काढलं तेव्हा माप बरोबर होतं, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. सर्जेराव फार तापले होते. त्यांनी तिला घरी जायला सांगितलं, पुढचं नंतर बघू म्हणाले. हेमाने डबा पिशवीत घातला आणि कोणाकडेही न बघता ती निघून गेली.

रुपाली आपल्या कॉम्प्युटरशी जाऊन बसली. क्लायंटमध्ये त्या फाइलवर राइट क्लिक करून तिने माहिती उघडली. शेवटचा बदल मंगळवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी झाला होता. बदल करणाऱ्याचं नाव होतं सर्जेराव.

सांगावं तर प्रोबेशन, न सांगावं तर हेमा. दत्तोबांनी लांबून तिचा चेहरा पाहिला आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. तिने पडद्याकडे बोट दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली, मग विचारलं की हे नाव दुसऱ्या कोणाला टाकता येतं का. पासवर्ड असल्याशिवाय नाही, ती म्हणाली. सर्जेरावांचा पासवर्ड त्यांनाच ठाऊक होता. आदल्या दिवशीची, म्हणजे सोमवारची प्रत मिळेल का, असं त्यांनी विचारलं. ती सर्व्हरने जपून ठेवली होती. तिने दोन्ही छापल्या. सोमवारच्या कागदावर भोक अगदी मध्यभागी होतं.

"चला," दत्तोबा उठले. "बोलेन मी. तुम्ही फक्त सोबत उभ्या राहा."

केबिनमध्ये त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडले आणि शांतपणे विचारलं, "मंगळवारी दुपारी हे ड्रॉइंग आपण उघडलं होतंत का?"

सर्जेराव आठवू लागले. मंगळवारी नाशिकचं गिऱ्हाईक आलं होतं. आपला कारखाना कसा आधुनिक झालाय हे दाखवायला त्यांनी झाकणाचं ड्रॉइंग उघडलं होतं, माउसने त्यातले भाग इकडेतिकडे सरकवून दाखवले होते. सांगता सांगता त्यांचा आवाज खाली आला.

"बंद करताना ते कायतरी विचारत हुतं. मी हो म्हटलं."

"ते विचारत होतं, बदल ठेवू का," रुपाली म्हणाली. इतकं बोलण्याचं धाडस तिला कुठून आलं ते तिलाही कळलं नाही.

दत्तोबांनी फक्त एवढंच सांगितलं की सोनबासुद्धा कपाटातून कागद नेताना वहीत सही करत असत.

सर्जेराव उठले, जीपची किल्ली घेतली आणि बाहेर पडले. तासाभराने ते हेमाला घेऊन परत आले. कारखान्यातली सगळी मशीनं थांबवायला लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की चूक माझी हाय, हेमाची नव्हं. हेमाच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्ञानदेवाने लेथ पुन्हा चालू केलं, तेव्हा कुठे सगळ्यांची त्या अवघडलेपणातून सुटका झाली.

दुसऱ्या दिवशी दत्तोबा आपणहून रुपालीच्या टेबलाशी आले. दोन दिवस दोघं एकेका माणसाची परवानगी ठरवत बसली. क्लायंटमध्ये प्रत्येक नावापुढे चौकोन होते: वाचणं, लिहिणं, नवं बनवणं, पुसणं. कोणाला काय लागतं ते दत्तोबांना तोंडपाठ होतं. टर्नरने आपल्या भागांची ड्रॉइंगं वाचायची. हेमाने कच्च्या फोल्डरमध्ये हवं ते करायचं, पण पक्क्या फोल्डरला हात लावायचा नाही. पक्क्यात लिहायचं फक्त दत्तोबांनी, तेही तपासून. पहिला दिवस रुपालीने खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी माउस दत्तोबांनी घेतला. दुपारपर्यंत त्यांचा हात बसला, आणि 'अहो मॅडम'चं 'अगं रुपाली' झालं.

यादीच्या शेवटी मालकांचं नाव आलं तेव्हा तिने दत्तोबांकडे पाहिलं. त्यांनी वाचण्याच्या चौकोनात खूण केली आणि यादी बंद केली.

आठवड्याभराने सर्जेराव केबिनच्या दारात येऊन उभे राहिले.

"फडतरे, मला परवानगी न्हाई म्हणतंय ते."

"बरोबर म्हणतंय," दत्तोबा मान वर न करता म्हणाले.

सर्जेरावांना हसू फुटलं, आणि त्यांच्यामागे सगळ्यांनाच. त्यांनी चहा मागवला.

प्रोबेशन संपायच्या आधीच रुपालीला कायम केलं. मे महिन्यात ती बहिणीच्या लग्नासाठी वाशीमला गेली. हळदीच्या गडबडीत तिचा फोन वाजला. दत्तोबा होते. नवीन मुलगी रुजू झाली, वैष्णवी नावाची. तिचं नाव आपण एकट्याने क्लायंटमध्ये घातलं, हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा कोरडा राहिला नव्हता.

रुपालीने विचारलं की तिला काय काय दिलंत.

"वाचायची परवानगी दिली आहे," ते म्हणाले. "लिहायचं बघू. आधी चार दिवस तिचं काम बघतो."